फायरप्लेस आणि बंदिस्त शेगडी : घर उबदार ठेवण्यासाठी निवड

थंड हवामानात खोली किंवा संपूर्ण घर तापवण्यासाठी भिंतीत बांधलेली उघडी फायरप्लेस, बिडाची अथवा पोलादी पत्र्याची बंदिस्त शेगडी, विटा व दगडांची वजनदार भट्टी आणि पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या लहान गोळ्या) जाळणारी स्वयंचलित शेगडी असे प्रकार वापरले जातात. यांतील निवड बहुधा दिसण्यावरून केली जाते. वास्तविक ती धुराडे, खोलीचे आकारमान आणि मिळणारे जळण या तीन गोष्टींवरून करायला हवी, आणि त्यांतही धुराड्याचा विचार सर्वांत आधी.

उघड्या फायरप्लेसमधील ज्वाळा डोळ्यांना सुखावतात आणि समोर बसणाऱ्याला चांगली धगही लागते. परंतु लाकडातील उष्णतेपैकी साधारण १० ते २० टक्केच खोलीत राहते, बाकीची धुराड्यावाटे निघून जाते. शिवाय ही आग तासाला कित्येकशे घनमीटर हवा खोलीतून ओढून घेते आणि तिची जागा दारे-खिडक्यांच्या फटींतून येणारी गार हवा घेते, म्हणून फायरप्लेससमोर बसलेल्या माणसाचे गुडघे भाजतात आणि पाठ मात्र गारठते. शास्त्रज्ञ बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, यांनी १७९० च्या दशकात फायरप्लेस उथळ करून, तिच्या बाजू तिरप्या करून आणि धुराड्याचा गळा अरुंद करून पुष्कळ सुधारणा घडवली, तरी उघड्या आगीची मूळ मर्यादा त्यामुळे संपली नाही. घर तापवणे हाच हेतू असेल, तर उघडी फायरप्लेस हा चुकीचा पर्याय आहे. ती आधीपासून असल्यास तिच्या पोकळीत काचेच्या दाराची बंदिस्त शेगडी बसवता येते.

बंदिस्त शेगडीची कार्यक्षमता ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते, आणि याचे कारण लाकूड जळते कसे यात आहे. ओंडका तापला की प्रथम त्यातील पाणी निघून जाते, पुढे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपासून त्यातून ज्वलनशील वायू सुटू लागतात आणि लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंतच असते. ते नीट पेटण्यासाठी ६०० अंशांच्या आसपास तापमान आणि वरच्या बाजूने गरम हवेचा पुरवठा लागतो. चांगल्या शेगडीत ही दुय्यम हवा छोट्या छिद्रांतून आत येते. त्या वेळी ज्वाळा ओंडक्याला चिकटलेली न दिसता त्याच्या वर, अधांतरी लहरताना दिसते.

म्हणूनच गरजेपेक्षा मोठी शेगडी घेणे ही सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक ठरते. उष्णतारोधन बरे असलेल्या घरात १० ते १५ घनमीटर जागेला सुमारे १ किलोवॅट पुरतो, असा ढोबळ अंदाज धरतात. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीला म्हणजे ४ ते ५ किलोवॅटची शेगडी पुरेशी होते. तिथे १० किलोवॅटची शेगडी ठेवली की खोली असह्य तापते, मग माणूस हवेची झडप आवळतो, आग धुमसू लागते, काच काळवंडते आणि न जळलेले वायू डांबरासारखे धुराड्यात साचतात. लहान शेगडी मोकळ्या हवेवर जोमाने पेटती ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

बीड सावकाश तापते आणि आग विझल्यावरही काही काळ ऊब देते. पोलादी पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो. संगजिऱ्याच्या दगडाचे आवरण असलेली शेगडी उष्णता त्याहूनही जास्त वेळ धरून ठेवते. याच तत्त्वाचे मोठे रूप म्हणजे दगडविटांची भट्टी. स्वीडनमध्ये १७६७ मध्ये कार्ल योहान क्रोनस्टेड आणि फाबियन व्रेडे यांनी धुराला वळणावळणाच्या मार्गाने फिरवणारी भट्टी तयार केली, ती सरपणाची टंचाई भासू लागल्यामुळे. अशी भट्टी एक-दोन तास जोरात पेटवली की दिवसाचा बराच भाग ऊब देत राहते. मात्र तिचे वजन टनाच्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे पायाचा विचार आधी करावा लागतो, आणि अचानक थंडी वाढली तर ती झटपट प्रतिसाद देत नाही. पेलेटची शेगडी स्वतःच जळण ओढून घेते व तापमान राखते. तिला वीज लागते, आणि वीज गेली की ती बंद पडते.

जळणाच्या बाबतीत तडजोड करू नये. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असे एक-दोन वर्षे रचून ठेवल्यावर हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली येते. ओलावामापक ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला लावला तर फसवा आकडा मिळतो. ओंडका फोडून आतल्या ताज्या भागावर मोजणी करावी. एक किलो सुक्या लाकडात सुमारे ४ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर ओल्या लाकडात तिच्या निम्म्याच्या आसपास, कारण पाण्याची वाफ करण्यातही उष्णता खर्ची पडते.

धुराड्याची खेच, म्हणजे धूर वर ओढून नेण्याची शक्ती, ही आतील वायू आणि बाहेरील हवा यांच्या तापमानातील फरकावर आणि धुराड्याच्या उंचीवर अवलंबून असते. घराच्या आतून वर जाणारे धुराडे गरम राहते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले, उष्णतारोधन नसलेले धुराडे थंड पडते, त्याच्या आत क्रिओसोटचा, म्हणजे न जळलेल्या वायूंपासून होणाऱ्या डांबरासारख्या पदार्थाचा, थर साठतो आणि हा थर पेटला तर तापमान १,००० अंशांवर जाऊन भिंती तडकू शकतात. वर्षातून किमान एकदा धुराडे साफ करून घेणे त्यासाठीच आवश्यक असते. हवाबंद बांधणीच्या घरात स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू असताना धूर उलटा खोलीत येऊ शकतो, म्हणून तिथे शेगडीला बाहेरून हवा आणणारी स्वतंत्र नळी जोडतात. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. शेगडी असलेल्या खोलीत त्याची सूचना देणारे यंत्र पहिल्या दिवसापासून लावलेले असावे.