समुद्र ओलांडायला लागणारे तास कसे ठरत गेले

न्यूयॉर्कहून लंडनला विमानाने साधारण साडेसहा-सात तास लागतात. उलट दिशेने तास-सव्वा तास जास्त. अंतर तेच, विमानही तेच. सिंगापूरहून न्यूयॉर्कला एकदाही न उतरता जायचं तर साडेअठरा तासांच्या आसपास. हे आकडे विमानाच्या वेगावरून ठरतात असं आपण धरून चालतो, पण गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगाचा वाटा वाटतो तेवढा मोठा निघत नाही. वाटेत कुठे उतरावं लागतं, वारा कुठून वाहतो आणि कोणत्या आकाशातून जायला परवानगी आहे, यांनी वेळ कितीतरी जास्त कमी-जास्त केली आहे.

मे १९१९ मध्ये अमेरिकी नौदलाचं एनसी-४ हे पाण्यावर उतरणारं विमान न्यूयॉर्कजवळून निघालं आणि न्यूफाउंडलंड, अझोर्स असे थांबे घेत लिस्बनला पोचलं. त्याला १९ दिवस लागले. पुढच्याच महिन्यात, १४ जूनला, जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राऊन विकर्स विमी या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानातून न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ उतरले. सुमारे ३,००० किलोमीटर, सुमारे १६ तास. वरून सपाट हिरवळ दिसली म्हणून विमान खाली घेतलं, ती निघाली दलदल, आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं. दोघेही सुखरूप होते.

१९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटा साडेतेहेतीस तासांत पॅरिसला गेला, ते सर्वांना ठाऊक आहे. तितकंसं ठाऊक नसलेलं उड्डाण त्याच्या पुढच्या वर्षीचं. तोवर न थांबता उत्तर अटलांटिक ओलांडणारी सगळी विमानं पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली होती, म्हणजे वारा पाठीवर घेऊन. उलट्या दिशेच्या प्रयत्नांत माणसं बेपत्ता झाली होती. एप्रिल १९२८ मध्ये ‘ब्रेमेन’ या विमानाने आयर्लंडहून निघून हे पहिल्यांदा साधलं. जायचं होतं न्यूयॉर्कला, पण समोरचा वारा, वादळ आणि भरकटलेली दिशा यांच्याशी झगडत सुमारे ३६ तासांनी ते कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या ग्रीनली या छोट्याशा बेटावर उतरलं. अल्कॉक-ब्राऊन यांना समुद्राचा हाच पट्टा ओलांडायला याच्या निम्माही वेळ लागला नव्हता.

पॅसिफिकवर हिशेब तासांचा नव्हता, दिवसांचा होता. पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं ‘चायना क्लिपर’ हे पाण्यावर उतरणारं विमान २२ नोव्हेंबर १९३५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून टपाल घेऊन उडालं आणि होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे मुक्काम करत २९ तारखेला मनिलाला पोचलं. प्रत्यक्ष हवेत काढलेला वेळ सुमारे ६० तास, बाकीचा बेटांवर. मिडवे आणि वेकवर विमानतळ, हॉटेल असलं काहीही नव्हतं. कंपनीने सगळं सामान बोटीने नेऊन तिथे तळ उभे केले, तेव्हा कुठे हा मार्ग सुरू झाला.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते दुसऱ्या महायुद्धातलं हिंदी महासागरावरचं उड्डाण. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी असलेला हवाई मार्ग तुटला. १९४३ पासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने पाण्यावर उतरणाऱ्या कॅटलिना विमानांनी पर्थ ते सिलोनमधलं (आजच्या श्रीलंकेतलं) कोग्गला सरोवर अशी सेवा चालवली. साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटर, मध्ये उतरायला जागा नाही. ताशी जेमतेम २०० किलोमीटर वेगाचं हे विमान साधारण २७ ते ३३ तास हवेत असायचं. इंधनाच्या टाक्या इतक्या जड की प्रवासी नेता यायचे फक्त तीन. जपानी विमानांच्या टप्प्यातला भाग अंधारात पार करता यावा अशा बेताने निघायचं, वाटेत रेडिओ बंद ठेवायचा आणि ताऱ्यांवरून वाट काढायची. एकाच उड्डाणात प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसायचा, म्हणून त्यांना ‘डबल सनराइज’ नावाचं प्रमाणपत्र मिळायचं. आजची कोणतीही नियमित विमानसेवा इतके तास हवेत नसते.

युद्धानंतर कॉन्स्टेलेशन, डीसी-४ अशी मोठी पंख्याची विमानं आली, तरी युरोप-अमेरिका प्रवासात आयर्लंडमधलं शॅनन आणि न्यूफाउंडलंडमधलं गँडर हे थांबे बहुधा चुकत नसत. इंधन भरायचं, पुन्हा उडायचं.

वाऱ्याचं कोडं याच काळात उलगडलं, पण त्याची सुरुवात बरीच आधीची आहे. जपानमधल्या तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून उंचावरचा वारा मोजत होते. हिवाळ्यात तिथे प्रचंड वेगाचा पश्चिमी प्रवाह असतो, हे त्यांना दिसलं. जगाला समजावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. तो वाचणारे फार थोडे निघाले. १९४४ मध्ये जपानवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना हा वारा अंगावर घ्यावा लागला, तेव्हा बाकीच्यांना त्याची खरी कल्पना आली. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. कधी कधी हा वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो.

हाच वारा पॅन ॲमने कामाला लावला. नोव्हेंबर १९५२ मध्ये टोकियो-होनोलुलू विमान सुमारे २५,००० फुटांवर जेट स्ट्रीममध्ये नेलं. एरवी १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. नवं इंजिन नाही, वेगळं विमान नाही, वाट तेवढी नीट निवडली. आजही अटलांटिकवरचे हवाई मार्ग दररोज नव्याने आखतात ते याचसाठी. पूर्वेकडे जाणारे वाऱ्याच्या झोतात, पश्चिमेकडे जाणारे त्याला चुकवून. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हा झोत फार जोरात असताना ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्याचा जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण ज्या हवेतून ते जात होतं ती हवाच त्याच्यासोबत धावत होती.

वेगाने खरी उडी मारली ती १९५८ मध्ये, जेट इंजिनांमुळे. ४ ऑक्टोबरला बीओएसी या ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट-४ ने न्यूयॉर्क-लंडन प्रवास सहा तास अकरा मिनिटांत केला. त्याच महिन्यात पॅन ॲमचं बोइंग ७०७ सुरू झालं. हा आकडा आजच्या वेळेशेजारी ठेवून पाहा. साठाहून जास्त वर्षांत त्यात फरक पडलेला नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं, त्यामुळे प्रवासी विमानं त्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपासच थांबली. कॉन्कॉर्डने ही भिंत ओलांडली. साडेतीन तासांत अटलांटिक पार, आणि १९९६ मधल्या एका फेरीत तर तीन तासांच्याही आत. पण जागा शंभरच, इंधनाचा खर्च अफाट आणि आवाजामुळे जमिनीवरून उडताना तो वेग घ्यायला जवळपास सगळीकडे बंदी. २००३ मध्ये ते थांबलं.

जेट विमानं आल्यानंतर जे तास वाचले ते नियमांनी वाचवले. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडलं तरी तासाभरात गाठता येईल असा विमानतळ कायम जवळ ठेवावा, असा अमेरिकेत नियम होता. त्यामुळे समुद्रावर ही विमानं सरळ जाऊ शकत नसत, ग्रीनलँड-आइसलँडच्या बाजूने वळसा घ्यायची. इंजिनं भरवशाची झाल्यावर १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली, मग १८० वर, आणि आज काही विमानांना पाच तासांहून जास्त मुभा आहे. तीन-चार इंजिनांची विमानं मागे पडण्याचं हे मोठं कारण. प्रवाशाला हा नियम कधी दिसत नाही, पण त्याच्या तिकिटावरची वेळ यानेच बदलली.

लांबच्या टोकाला मात्र आकडा वाढतोच आहे. सिंगापूर-न्यूयॉर्कच्या ए३५०-९००यूएलआर विमानात १,६५,००० लिटरपर्यंत इंधन मावतं आणि आसनं फक्त १६१. सुरुवातीला भरलेल्या इंधनाचा मोठा हिस्सा उरलेलं इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. तरी प्रवाशाचा एकूण वेळ वाचतो, कारण मधला थांबा गेला. इथे तास वाढले म्हणजे प्रवास लहान झाला, हे लक्षात घ्यायला हवं.

आणि शेवटी आकाशाची मालकी. शीतयुद्धात सोव्हिएत हद्द बहुतेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद होती, म्हणून युरोपहून जपानला जाणारी विमानं अलास्कातल्या अँकरेजला उतरायची. १९५७ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगन-टोकियो सेवा याच वाटेने सुरू केली. १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअरने तो थांबाही काढला. हेलसिंकीहून उत्तर ध्रुवावरून, आर्क्टिक महासागर ओलांडून थेट टोकियो, सुमारे १३ तास. पुढे रशियाचं आकाश खुलं झालं आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर ते आकाश युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. फिनएअरने जुनी ध्रुवाची वाट शोधून काढली. विमान अगदी नवं, ए३५०. वेळ पुन्हा १३ तास.