प्रजासत्ताक की लोकशाही : अमेरिकेतील संज्ञावाद

‘अमेरिका हे प्रजासत्ताक आहे, लोकशाही नव्हे’ या विधानावरून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीर्घकाळ चालत आलेला राजकीय वाद. मराठीत एका शब्दात ‘प्रजा’ आणि दुसऱ्यात ‘लोक’ असल्यामुळे या विधानातील विरोध चटकन ध्यानात येत नाही. काटेकोरपणे पाहिल्यास या दोन संज्ञा दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. राष्ट्रप्रमुखाचे पद वंशपरंपरेने चालत येत नसेल, तर ते राज्य प्रजासत्ताक होय. राज्यकर्ते निवडण्याचा व बदलण्याचा खराखुरा अधिकार नागरिकांच्या हाती असेल, तर ती लोकशाही. ब्रिटन व जपान येथे राजपद असूनही लोकशाही आहे, तर चीन हे प्रजासत्ताक असूनही तेथील जनतेला सत्ताधारी पक्ष मतदानाने बदलता येत नाही.

वाद घालणारे बहुधा अमेरिकी संविधानाचा एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन याचा आधार घेतात. नोव्हेंबर १७८७ मध्ये, नव्या संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील दहाव्या लेखात, थोड्या नागरिकांनी एकत्र जमून स्वतः चालवलेल्या कारभाराला त्याने शुद्ध लोकशाही म्हटले आणि प्रतिनिधींमार्फत चालणाऱ्या राज्याला प्रजासत्ताक. बहुसंख्याकांचा एखादा गट इतरांचे हक्क आणि मालमत्ता तुडवील ही त्याची भीती होती, आणि विस्तीर्ण प्रजासत्ताकात हितसंबंध इतके विविध असतील की असा गट सहजासहजी जमणार नाही, हा त्याचा युक्तिवाद. मात्र तो ज्याला प्रजासत्ताक म्हणत होता, त्यालाच आज प्रातिनिधिक लोकशाही म्हणतात. शिवाय एकोणचाळिसाव्या लेखात त्यानेच असे बजावले आहे की, प्रजासत्ताकाची सत्ता समाजाच्या मोठ्या समूहातून आली पाहिजे, मूठभरांकडून किंवा एखाद्या विशेष वर्गाकडून नव्हे. तेव्हा मतदारांचा अधिकार आकुंचित करण्यासाठी मॅडिसनचे नाव पुढे करणे त्याच्या लेखनाला धरून नाही. अर्थात, त्याच्या काळातील ‘लोकां’त गुलाम आणि बहुसंख्य स्त्रिया मोजल्या जात नव्हत्या, हेही विसरता येत नाही.

अमेरिकेच्या संविधानात ‘लोकशाही’ हा शब्द नाही. चौथ्या अनुच्छेदात प्रत्येक घटक राज्याला प्रजासत्ताक स्वरूपाच्या शासनाची हमी आहे. ऑरेगन राज्याने १९०२ मध्ये मतदारांना थेट कायदे करण्याचा अधिकार दिला, तेव्हा एका टेलिफोन कंपनीने या हमीचा भंग झाल्याचा दावा केला. हा प्रश्न राजकीय असून तो काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ठरवावा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९१२ मध्ये त्यात पडण्यास नकार दिला.

अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी एप्रिल १९१७ मध्ये जग लोकशाहीसाठी सुरक्षित करण्याची भाषा केली, तोवर हा शब्द प्रतिष्ठित झाला होता. ‘लोकशाही नव्हे’ ही घोषणा नंतर मुख्यतः उजव्या गटांनी उचलली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या जॉन बर्च सोसायटीने ती विशेष पसरवली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सिनेटर माइक ली यांच्या विधानाने ती पुन्हा चर्चेत आली. वादाच्या मुळाशी व्युत्पत्ती नसून सत्तेची वाटणी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगची लोकसंख्या सुमारे ५.७७ लाख, तर कॅलिफोर्नियाची सुमारे ३.९५ कोटी, सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मात्र दोन्ही राज्यांच्या जागा दोन-दोनच. अध्यक्षाची निवड राज्यवार ठरलेल्या निर्वाचकांच्या मतांनी होत असल्याने २००० व २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. या व्यवस्थेचे समर्थक तिला प्रजासत्ताकाचे वैशिष्ट्य मानतात. बहुमतावर मूलभूत हक्कांची आणि न्यायालयांची मर्यादा हवी, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण अशी मर्यादा भारतासह अनेक लोकशाही देशांनी घातलेली आहे आणि तेवढ्याने ते लोकशाही नाहीत असे ठरत नाही.

भारताच्या संविधान सभेतही या दोन शब्दांचा प्रश्न आला होता. १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात केवळ ‘प्रजासत्ताक’ होते. ‘लोकशाही’ का नाही, या शंकेला उत्तर देताना जवाहरलाल नेहरूंनी, प्रजासत्ताक लोकशाहीविना असू शकते हे मान्य करून, आपला सारा भूतकाळ लोकशाहीच्या बाजूची साक्ष देतो असे म्हटले. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात दोन्ही शब्द एकत्र घेतले. उद्देशिकेच्या मराठी पाठात ते ‘लोकशाही गणराज्य’ असे येतात. २६ जानेवारीला मात्र मराठीत ‘प्रजासत्ताक दिन’ हेच नाव रूढ आहे.