आधी नेमणूक, मग प्रशिक्षण : प्रौढशिक्षकांच्या तयारीची पार्श्वभूमी

प्रौढांच्या वर्गावर उभा राहणारा शिक्षक बहुधा दुसऱ्या कामातून आलेला असतो. कुणी शाळामास्तर, कुणी कारागीर, कुणी परिचारिका, तर कुणी हौसेने आलेला स्वयंसेवक. आधी तयारी आणि मग नेमणूक, ही रीत या क्षेत्रात फारशी रुजलीच नाही. त्यामुळे जे काही प्रशिक्षण मिळाले, ते बहुतेकांना रुजू झाल्यावरच मिळाले.

डेन्मार्कमध्ये १८४४ साली रोडिंगला पहिले लोकविद्यालय, म्हणजे तरुण-प्रौढांसाठीची निवासी शाळा, निघाले, ब्रिटनमध्ये १९०३ साली कामगारांच्या शिक्षणासाठी संघटना उभी राहिली. विषयाची जाण आणि लोकांविषयी कळकळ असली की शिकवता येते, असाच तेव्हाचा समज होता. १९२० मध्ये ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमला प्रौढशिक्षणाचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग सुरू झाला. विषयाला प्रतिष्ठा आली, पण संध्याकाळी दोन तास वर्ग घेणाऱ्या अंशकालीन शिक्षकाच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

साक्षरता मोहिमांनी वेगळाच मार्ग काढला. क्युबात १९६१ साली सुमारे एक लाख तरुण स्वयंसेवक थोड्या दिवसांच्या शिबिरानंतर खेड्यापाड्यांत गेले. कंदील आणि वाचनपुस्तिका घेऊन गेलेली ही मुले शिकवता शिकवताच शिकवणे शिकली. माझ्या मते या मोहिमेचा खरा धडा शिबिराच्या लांबीत नाही; काम सुरू झाल्यावर कार्यकर्त्याला अडचण सांगायला जवळ कुणीतरी हवे असते, हा तो धडा.

पुढे अमेरिकेतील प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास प्रौढांच्या शिकण्याची तत्त्वे लोकप्रिय केली. प्रौढ माणूस अनुभव घेऊन येतो आणि समोरच्या प्रश्नासाठी शिकतो, हे त्यातले मुख्य सूत्र. हेच सूत्र स्वतः प्रशिक्षण घेणाऱ्या शिक्षकांनाही लागू होते, हे मात्र उशिरा लक्षात आले. त्यांच्यासाठीची शिबिरे कितीतरी काळ एकतर्फी व्याख्यानांचीच राहिली. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये आपल्याच कामाकडे चिकित्सेने पाहणाऱ्या व्यावसायिकाची कल्पना मांडली. सहकाऱ्याच्या वर्गात बसून निरीक्षण करणे, नोंदी ठेवणे, अडलेल्या प्रसंगावर गटात बोलणे, या पद्धतींना तिच्यामुळे बळ मिळाले.

युनेस्कोच्या प्रौढशिक्षणाविषयीच्या १९७६ च्या नैरोबी शिफारशीने या कामाला खास कौशल्ये लागतात हे मान्य करून सुरुवातीचे आणि सेवांतर्गत, अशा दोन्ही प्रशिक्षणांची गरज नोंदवली. तरीही २००९ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या जागतिक प्रौढशिक्षण परिषदेला म्हणावे लागले की शिक्षकांना प्रशिक्षणाची संधी न मिळाल्याने शिक्षणाचा दर्जा घसरतो आहे. कारण उघड आहे : तासिकेवर नेमलेल्या माणसाला प्रशिक्षणाच्या दिवसाचे मानधन मिळत नसेल, तर तो त्या दिवशी वर्गच घेणार.