एम-सील आणि सिलिकॉन : 'लिकेजचं द्या' म्हणाल तर दुकानदार काहीही देईल

आमच्याकडे फैजपूर-यावल साईडला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "लिकेजचं काहीतरी द्या" म्हटलं की कधी एम-सीलचं पाकीट मिळतं, कधी सिलिकॉनची ट्यूब. दोन्ही काय तर लिकेज बंद करतात, म्हणून लोक एकच समजतात. मी पण समजायचो.

झालं असं की एप्रिलमधे मी घरीच स्प्लेंडरचं ऑइल बदललं. ऑइल बदलणं सोपंच आहे, पण शेवटी ड्रेन बोल्ट (इंजिनच्या तळाचा, जिथून जुनं ऑइल काढतात तो) आवळताना वाटलं अजून थोडा घट्ट करू, म्हणून १७ च्या पान्याला पाईप लावून जोर दिला. आधी कडक लागत होता आणि मग एकदम मऊ फिरला. तो मऊपणा ज्यानी हाताला अनुभवलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, त्यामुळे आटे नेहमी केसिंगचेच जातात. रात्री गाडीखाली केळीचं पान टाकलं, सकाळी बघतो तर हिरव्या पानावर ऑइलचं थारोळं.

मग दुकानातून सिलिकॉन आणून बोल्टच्या भोवती बाहेरून थापलं. दोन दिवसात ते रबराच्या सालीसारखं अख्खं निघून हातात आलं.

आता फरक. सिलिकॉन म्हणजे ती काळी, करडी किंवा लाल पेस्ट, ती सुकून रबर बनते, दगड नाही बनत. तिची जागा दोन सपाट भागांच्या मधे, जिथे दोन्हीकडून बोल्टनी दाबलं जातं, म्हणजे केसिंगचं कव्हर वगैरे. बाहेरून थापली की आतलं ऑइल तिला हळूहळू ढकलून देतं. आणि मधे लावायची तरी सुतळीएवढी बारीक, कारण जास्तीची आत दाबली जाते, तुकडा तुटतो आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो, मग इंजिनला ऑइलच कमी पडतं. लिकेज परवडलं म्हणायची वेळ येते. पेट्रोलला तर साधं सिलिकॉन लावूच नका, ते फुगतं आणि सुटतं.

एम-सील म्हणजे इपॉक्सी. दोन वेगळ्या रंगाच्या वड्या, सारख्या मापात घेऊन कणकेसारख्या मळायच्या, रंगाची एक पण रेष दिसत असेल तर अजून मळायचं. मळताना गोळा जरा गरम लागतो, घाबरू नका, ते रिॲक्शनचं आहे. सुकल्यावर कानशीनं घासा, ड्रिल मारा, चालतं. म्हणून केसिंगला बारीक चीर गेली असेल तर हे बाहेरून लावता येतं, पण आधी ऑइल पूर्ण काढा, पॉलिश पेपरनं घासा, पेट्रोलनं पुसा आणि ते पेट्रोल उडून जाऊ द्या (आणि तेवढा वेळ बिडीवाल्या काकांना लांब बसवा). तेलकट जागेवर दोघांपैकी कोणीच चिकटत नाही. सायलेन्सरच्या भोकाला मात्र लावू नका, तिथे वेल्डिंगच.

एक गोष्ट जी पाकिटावर वाचून नाही, जळगाव-भुसावळच्या उन्हात कळते. एम-सील गरमीत लवकर कडक होतं, मे महिन्यात ४४ डिग्रीत ओट्यावर मळत बसलात तर लावायच्या आधीच गोळा आखडतो, सावलीत थोडं थोडं मळा. सिलिकॉनचं उलटं, त्याला सुकायला हवेतला ओलावा लागतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवा खडखडीत कोरडी, म्हणून वरून साल धरलेली दिसते तरी आत ओलंच असतं. निदान एक रात्र गाडी चालू करू नका. पावसाळ्यात त्याला तेवढा त्रास नाही.

रस्त्यात टाकीला बारीक भोक पडलं असेल तर दोन्ही नको, कपड्याच्या साबणाची वडी घासा, पेट्रोल साबणाला विरघळवत नाही, घरापर्यंत येता येतं. फक्त पाऊस लागला की गेलं. आणि ब्रेकच्या लाईनवर असला कुठलाच जुगाड नाही, हे लिहायची पण गरज नसावी.

बरं, माझ्या बोल्टचं. सिलिकॉन निघाल्यावर मी एम-सील पण थापलं होतं, ते आठवडाभर टिकलं. तोपर्यंत मिस्त्रीकडे जायची लाज वाटत होती. त्यानी वाकून बघितलं आणि म्हणाला, "भो, तुले कोनी सांगं व्हतं हात लावाले?" मग सगळं एम-सील छिन्नीनं फोडायला त्याचा अर्धा तास गेला, तेवढ्यात मला कळलं की आटे गेलेत तिथे ना सिलिकॉन ना एम-सील, कारण बोल्टला धरायलाच काही उरलेलं नसतं, आणि वरून पुढच्या वेळी ऑइल काढायचं कुठून? त्यानी टॅप मारून एक साईज मोठे आटे पाडले, कीस आत राहू नये म्हणून थोडं ऑइल ओतून तसंच खाली सोडून दिलं, नवीन तांब्याचा वॉशर टाकला आणि जाडा बोल्ट हातानीच निम्मा बसवून मग पाना लावला, पाईप न लावता. केळीचं पान दुसऱ्या दिवशी कोरडं होतं.

१७ चा पाना आता त्या बोल्टला बसत नाही, त्याच्यासाठी वेगळा घेऊन ठेवलाय.