संगणकाचा पंखा फार आवाज करतोय? नवा कूलर घेण्यापूर्वी हे वाचा

प्रोसेसरवरचा पंखा घोंगावू लागला की ग्राहक बहुधा दोन मागण्या घेऊन आमच्या म्हापशाच्या दुकानात येतात: नवा पंखा द्या, नाहीतर सरळ प्रोसेसर पाण्याने थंड करणारा कूलर बसवा. पहिल्याची गरज कधी कधी असते, दुसऱ्याची क्वचितच. बहुतेक मशीनमध्ये पंखा बिघडलेलाच नसतो. प्रोसेसरची उष्णता बाहेर पडताना कुठेतरी अडते आणि पंखा जास्त जोरात फिरून ती कसर भरून काढतो. अडते कुठे ते आधी शोधावे, पैसे नंतर मोजावेत, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. हे पत्रक वाचून तुमचे काम घरच्या घरी झाले, तर आम्हाला त्याचा आनंदच आहे.

आवाज नक्की कुठला?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तुम्ही काहीच काम करत नसताना प्रोसेसर ४०-५० टक्के वापरात दिसत असेल, तर दोष पंख्याचा नाही. एखादा अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा ब्राउझरचे अडकलेले पान त्याला राबवत असते. ते संपले किंवा बंद केले की पंखा आपोआप शांत होतो.

तसे नसेल, तर कॅबिनेटची बाजूची झडप काढा, वर्तमानपत्राची सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरे एकेका पंख्याजवळ न्या. बोट किंवा पेन्सिल आत घालू नका. प्रोसेसरचा पंखा म्हणून दाखवले जाणारे निम्मे आवाज एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या), ग्राफिक कार्डाच्या किंवा कॅबिनेटच्या पंख्याचे निघतात. जुन्या हार्ड डिस्कची घरघरही वेगळी ओळखता येते. एकसारखा हवेचा आवाज असेल तर पंखा ठीक आहे, फक्त वेगाने फिरतो आहे. सुरू करताना खरखर होऊन पाच मिनिटांनी थांबत असेल तर बेअरिंग झिजले आहे. ठरावीक टकटक होत असेल तर बहुधा एखादी वायर पात्यांना लागते आहे. ती बाजूला बांधली की काम झाले. वीज गेल्यावर, इन्व्हर्टरवर असतानाच गुणगुण येत असेल, तर ती पंख्याची नसते. चौकोनी लहर देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर एसएमपीएस तसा गुणगुणतो.

आपल्या हवेचा प्रश्न

संगणकाच्या पंख्यांबद्दलचा बराचसा सल्ला कोरड्या हवेच्या गावांसाठी लिहिलेला असतो. तिथे धूळ कोरडी असते, फुंकर मारली की उडते. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की धूळ हीटसिंकच्या (पंख्याखालच्या, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पत्र्यांमध्ये चिकटून तिचा थर बनतो. त्यात जांभ्या दगडाची तांबडी धूळ असते. डिचोली, साखळी, कुडचडे भागातून आलेले मशीन उघडले की हे लगेच दिसते. घराजवळ चिरे कापण्याचे किंवा बांधकामाचे काम चालू असेल तरीही तेच. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ वाटतो, पण तो काढल्यावर खाली हीटसिंकवर नमद्यासारखा जाड थर सापडतो. हवा पत्र्यांपर्यंत पोचतच नाही.

सर्वांत चिवट धूळ मात्र घरातलीच. संगणक देवघराच्या खोलीत असेल तर उदबत्ती आणि धुपाचा धूर, स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीच्या तेलाचा वाफारा. दोन्ही ओढली जातात ती पंख्याकडेच, आणि तिथे धुळीला गोंद मिळतो. अशा ठिकाणी कॅबिनेट दुसऱ्या भिंतीला हलवणे हा फुकटातला उपाय आहे, आणि तो आम्ही अगदी आग्रहाने सुचवतो.

कळंगुट, मोरजी, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवाही आपले काम करते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर पांढरी भुकटी धरते, स्क्रू गंजतात. नवा कूलर घेताना तिथल्या ग्राहकांनी निकेलचा मुलामा असलेला पाहावा. पावसाळ्यात मशीन महिनोन्महिने बंद ठेवू नये. दोन-चार दिवसांनी अर्धा तास चालवले तरी आतली ओल निघते. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या पट्ट्या बंद करून घ्या, कारण उबेला पाल येते आणि पंख्यात सापडलेली पाल आम्ही अनेकदा काढली आहे.

आणि तापमान. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात खोलीत ३३ अंश असतील, तर प्रोसेसरची चढण तिथून सुरू होते. संगणकाच्या टेबलात खाली जी बंद कपाटवजा खोबण असते, तिच्यात कॅबिनेट कोंबले की सोडलेली गरम हवाच पंखा पुन्हा घेतो. पाठीमागची फळी काढून टाका, किंवा कॅबिनेट बाहेर आणा. अनेक घरांत एवढ्यानेच फरक पडलेला आम्ही पाहिला आहे.

साफसफाई

वर्षातून दोनदा पुरे: एकदा मे महिन्यात पावसाआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश घ्या. ब्लोअर वापरणार असाल तर पात्यांना एका बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा बेसुमार फिरला तर बेअरिंग खराब होते. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. बेअरिंग खरखरत असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही आठवडे शांतता देतो, पण तो तात्पुरता उपाय आहे. त्या पंख्याची बदली ठरलेली समजा.

साफ करूनही तापमान उतरले नाही तर संशय थर्मल पेस्टवर. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली ही पेस्ट तीन-पाच वर्षांत वाळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब मध्यभागी ठेवावा, पसरवत बसू नये. एक धोका मात्र नीट लक्षात घ्या. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेवर) कूलर थंड असताना सरळ वर ओढला, तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच पिनांसकट उपटून येतो. मशीन दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक सुटली की कूलर कलतो आणि पंखा कायम जोरात फिरतो. नवा पंखा घेण्याआधी या चारही खुंट्या जरूर तपासा.

वेग आवरता येतो

चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड ठरवतो, आणि त्याचे नियम बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बदलता येतात. असुसच्या बोर्डवर त्याला क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन. साधारण ५५ अंशांपर्यंत पंखा मंद ठेवावा, ७५ च्या पुढे चढू द्यावा आणि ८५ ला पूर्ण वेग द्यावा. तीन पिनांचा पंखा असेल तर त्याच ठिकाणी पीडब्ल्यूएमऐवजी डीसी हा पर्याय निवडावा लागतो. वेग बदलण्याआधी दोन-तीन सेकंद थांबण्याची सोय दिसली तर ती जरूर वापरा. कानाला मोठ्या आवाजापेक्षा दर क्षणाला चढणारा-उतरणारा आवाज जास्त छळतो, विशेषतः घरी भजन किंवा नाट्यगीते रेकॉर्ड करणाऱ्यांना. पंखा पूर्ण बंद होईल अशी मांडणी आपल्या हवेत करू नका.

दुसरा उपाय विंडोजमध्ये आहे. पॉवर ऑप्शन्समधली मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. टंकलेखन, हिशेब, पत्रिकांची डीटीपी यांत फरक जाणवत नाही. उष्णता मात्र चांगलीच घटते. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. लॅपटॉपवाल्यांनी निदान तो चादरीवर ठेवून चालवू नये.

नवा कूलर घ्यायचाच असेल तर

छताचा पंखा संथ फिरूनही खोलीभर वारा देतो आणि छोटा टेबल फॅन तेवढ्यासाठी घरघरतो. इथेही हिशेब तोच. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलची घटच कानाला जवळपास निम्मी वाटते. म्हणून मोठ्या हीटसिंकवर १२० मिलिमीटरचा संथ पंखा हीच शांततेची खरी वाट.

डब्यातून येणारा कूलर ओरडतो त्याचे कारणही इथेच आहे. इंटेलच्या आय५-१२४०० वर ६५ वॉट लिहिलेले असते, पण टर्बोत तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो आणि तेवढी उष्णता छोट्या हीटसिंकला झेपत नाही. चार उष्णतानळ्यांचा एक टॉवर कूलर (उंच, उभ्या हीटसिंकचा) अशा प्रोसेसरला भरपूर होतो. दोन पंख्यांचे अवजड कूलर आम्ही फक्त रेंडरिंग आणि व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनाच सुचवतो.

उंची आधी मोजा. डीपकूलचा एके४०० १५५ मिलिमीटर उंच आहे, नॉक्टुआचा एनएच-यू१२एस १५८. अरुंद कॅबिनेटची झडप त्यावर लागत नाही. अगदी सडपातळ ऑफिस मशीनसाठी ३७ मिलिमीटरचा एनएच-एल९आय सारखा बुटका कूलर येतो, पण त्याच्याकडून जास्त वॉटांची अपेक्षा करू नये. सॉकेटही पाहा: इंटेलच्या एलजीए१२०० च्या भोकांतले अंतर ७५ मिलिमीटर आणि एलजीए१७०० चे ७८, म्हणजे जुना कूलर नव्या कंसाशिवाय बसत नाही. एएमडीच्या एएम४ चे बरेच कूलर नंतरच्या एएम५ सॉकेटवर चालतात. काही ब्रँडेड ऑफिस पीसींमध्ये पंख्याची जोडणीच निराळी असते, तेव्हा मॉडेल क्रमांक घेऊन या. बेअरिंग फ्लुइड प्रकारचे घ्यावे. साधे स्लीव्ह स्वस्त असते पण उष्णतेत लवकर झिजते.

पाण्याचा कूलर कुणाला? खूप वॉट खाणारा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भाराने चालवणाऱ्याला. बाकीच्यांसाठी त्यात पंपाचा कायमचा बारीक आवाज येतो, शिवाय रेडिएटरवर पंखे असतातच. पंप बिघडला की पूर्ण संच बदलावा लागतो, आणि टॉवर कूलरचा पंखा बिघडला तर फक्त पंखा.

दुकानात आणताना

तपासणीसाठी मशीन आणायचे तर मॉनिटर, कीबोर्ड घरीच ठेवा. कॅबिनेट आणि पॉवर केबल पुरे. आवाज कधी येतो, कोणते काम करताना येतो, हे मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलेत तर आमचा वेळ वाचतो. टॉवर कूलर बसवलेले कॅबिनेट उभे नेऊ नका, गाडीच्या धक्क्यांनी त्याचे वजन मदरबोर्डला ओढते. झडपेची बाजू वर करून आडवे ठेवा, खाली जाड चादर घाला, आणि कदंबच्या बसने येत असाल तर कॅरियरवर न टाकता मांडीवर घ्या.