थीम पार्कचं गाइडबुक कुठलं घ्यावं : पार्श्वभूमी

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की बेळगाव, निपाणी, खानापूरकडे सुट्टीचे बेत शिजू लागतात. खोपोलीचं इमॅजिका की बंगळूरजवळच्या बिडदीचं वंडरला हा जुना वाद. त्यात गेल्या काही वर्षांत सिंगापूर आणि फ्लोरिडातल्या ऑरलँडोची भर पडली, कारण कुणाचा मुलगा टेक्सासला असतो, कुणाची लेक न्यू जर्सीला. तिकडे जायचं पक्कं झालं की एखादं पुस्तक घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठलं, हा प्रश्न निघतोच. टूरवाला म्हणतो, गरजच नाही. भाचा म्हणतो, सगळं ॲपवर असतं. शेजारच्या काकू कपाटातून आपली जुनी प्रत काढून देतात. तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. किती, ते कळायला या पुस्तकांची वाटचाल माहीत हवी.

प्रवासाच्या हँडबुकांचा जन्म युरोपातला. लंडनच्या एका प्रकाशकाने १८३६ मध्ये ती काढायला सुरुवात केली, जर्मनीतल्या दुसऱ्याने जवळपास त्याच सुमारास. मुंबई आणि मद्रास इलाख्यांचं इंग्रजी हँडबुक १८५९ मध्ये निघालं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, पण ते पुस्तक साहेबासाठी होतं. आपला प्रवास पंढरपूर, जोतिबा, सौंदत्तीचा डोंगर असा, आणि कुठे उतरायचं, कुठे जेवायचं ते सांगायला उपाध्ये होते. नंतर मराठीत प्रवासवर्णनं उदंड आली. दरवर्षी दुरुस्त होऊन निघणारं कामाचं हँडबुक हा प्रकार मात्र आपल्याकडे फारसा रुजला नाही. म्हणून आजही थीम पार्कचं पुस्तक म्हटलं की ते इंग्रजीच, आणि अमेरिकन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं.

आता मुद्द्याकडे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं आणि त्याच वर्षी तिथे कुपनांचं बुक आलं. आत शिरायचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक राइडला तिच्या वर्गाचं कुपन. आधी ए, बी, सी असे वर्ग होते. पुढे डी आला आणि १९५९ मध्ये ई. सगळ्यात भारी राइड ई वर्गात. कुपनं मोजकी मिळायची, त्यामुळे काय बघायचं हे खिसाच ठरवायचा. ऑरलँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं तेही याच पद्धतीने. १९८२ मध्ये तिथलं दुसरं पार्क, एपकॉट, उघडलं आणि कुपनं गेली. एकदा तिकीट काढलं की दिवसभर काहीही, कितीही वेळा.

सोय मोठी झाली, पण तिच्या पोटात एक अडचण होती. सगळ्यांना सगळं खुलं झालं की सगळे त्याच चार-पाच राइडवर तुटून पडतात. पूर्वी कुपन संपायचं, आता दिवस संपायला लागला. थीम पार्कच्या गाइडबुकाला खरी मागणी आली ती इथून, असं माझं मत आहे. नुसतं ‘काय बघाल’ सांगणारं पुस्तक पार्कच्या नकाशानेही भागवता आलं असतं. ‘कुठल्या क्रमाने बघाल’ हे मात्र कुणीतरी उभं राहून, घड्याळ लावून शोधायला हवं होतं.

ते शोधलं गेलं १९८० च्या दशकात, आणि तिथेच पुस्तकांचे दोन पंथ पडले. एक अधिकृत पंथ. पार्कच्या कंपनीचा त्यावर शिक्का, फोटो झकास, माहिती तपासलेली, पण कुठलाही शो कंटाळवाणा आहे किंवा अमुक हॉटेलचं जेवण पैशाच्या मानाने सुमार आहे असं त्यात सापडणार नाही. दुसरा स्वतंत्र लेखकांचा पंथ. यांच्या पुस्तकात ‘आमचा कंपनीशी संबंध नाही’ हे आवर्जून छापलेलं असतं. कागद साधा, फोटो जवळपास नाहीत आणि पानं आठशेच्या घरात. याच पुस्तकांच्या शेवटी कापून खिशात ठेवायची पानं असत: पार्क उघडायच्या पाऊण तास आधी फाटकावर या, आत शिरताच उजवीकडे वळा, आधी ही राइड, मग ती, जेवण सव्वाअकराला उरकून घ्या, मिरवणुकीच्या वेळी अमुक रांगेत उभे राहा. पुढे तर रांगांच्या नोंदी गोळा करून हा क्रम संगणकावर काढण्यापर्यंत मजल गेली. लहान मुलांसह वेगळा क्रम, आजी-आजोबांसह वेगळा.

अमेरिकेहून परतलेल्या मंडळींनी बेळगावात आणलेल्या प्रती बहुतेक या दुसऱ्या पंथाच्या. एक प्रत टिळकवाडीतून शहापूरला, तिथून वडगावला फिरते आणि प्रत्येक घर समासात आपापल्या पेन्सिलीच्या खुणा करतं. अडचण वयाची. ही पुस्तकं पंचांगासारखी आहेत, मागल्या सालचं नव्या सालाला चालत नाही. शिवाय मुखपृष्ठावरचं साल फसवं असतं. २०१४ ची म्हणून विकली जाणारी आवृत्ती २०१३ च्या पावसाळ्याअखेर दुकानात येते, म्हणजे आतला मजकूर त्याच्याही काही महिने आधी गोठलेला. पुस्तक घेताना आधी प्रकाशनाच्या तपशिलाचं पान उघडून छपाई कधीची ते बघावं, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

याच पुस्तकांमधली गर्दीची कॅलेंडरं आपल्याकडे सर्रास चुकीची वाचली जातात. त्यांत ‘उन्हाळी सुट्टीत जाऊ नका’ असं लिहिलेलं असतं आणि आपण एप्रिल-मेचा बेत रद्द करतो. तो उन्हाळा तिकडचा, जून ते ऑगस्ट. ऑरलँडोला खरी झुंबड ख्रिसमस ते नववर्ष आणि ईस्टरच्या आगेमागे. ईस्टर उरकला की मेच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीपर्यंतचे आठवडे त्या मानाने मोकळे, आणि कर्नाटकातल्या शाळांची सुट्टी नेमकी त्यातच पडते. सिंगापूरच्या शाळांची वर्षाच्या मधली सुट्टी जूनची, त्यामुळे सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजलाही हाच हिशेब लागू होतो.

देशातल्या पार्कांना तर सीमाभागातल्या माणसाने स्वतःचंच कॅलेंडर करायला हवं. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, शाळेच्या सुट्ट्या मात्र कर्नाटकच्या. ऑक्टोबरात इथे दसऱ्याची लांबलचक सुट्टी असते, तेव्हा कोल्हापूर-पुण्याची मुलं वर्गात असतात. त्यांची मोठी सुट्टी दिवाळीची. दसऱ्याच्या सुट्टीत बिडदीला जाणं म्हणजे बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर दसरा बघायला निघालेल्या अख्ख्या राज्यासोबत जाणं. त्याच दिवसांत, वार मधला धरला तर, खोपोलीला बरीच मोकळीक मिळते. मेच्या सुट्टीला याच्या उलट न्याय लावता येत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडे शाळा बंद. एप्रिलचे मधले दोन आठवडे मात्र पुन्हा आपले. बेळगावहून पुणे साधारण ३४० किलोमीटर आणि बंगळूर ५००, दोन्हीकडे रात्रीची बस सोयीची. तेव्हा निवड अंतरापेक्षा तारखेवर करावी. हे कुठल्याच पुस्तकात नाही आणि असायचं कारणही नाही. गोराईचं, आता बंद असलेलं, एस्सेल वर्ल्ड १९८९ चं, बिडदीचं वंडरला २००५ चं, खोपोलीचं इमॅजिका २०१३ चं. ही सगळी एका दिवसाची ठिकाणं, त्यांच्यावर आठशे पानं कोण लिहिणार?

यानंतरचा भाग सगळ्यात वादाचा, आणि आज पुस्तक निवडताना खरा अडसर त्याचाच. १९९९ मध्ये डिस्नेच्या पार्कांत रांगेची फुकट पावती सुरू झाली. राइडपाशी यंत्र होतं, त्यात तिकीट घातलं की तासाभराची वेळ छापलेला कागद बाहेर यायचा. त्या वेळेत परत आलं की छोट्या रांगेतून आत. घरातल्या एका चपळ माणसाने सगळ्यांची तिकिटं घेऊन पळायचं, बाकीच्यांनी आइस्क्रीम खात बसायचं. पुस्तक वाचून आलेल्याला याचा फायदा जास्त, कारण कुठली पावती किती वाजता संपते हे त्याला माहीत असायचं. २०१३-१४ च्या सुमारास फ्लोरिडात कागद जाऊन मनगटपट्टा आणि मोबाइल आला. पावत्या फुकटच होत्या, पण कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी राखून ठेवता येऊ लागल्या. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट न काढणारा आपला माणूस इथेच मागे पडला.

मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाले, जुलैत फ्लोरिडातले उघडले तेव्हा पावत्या बंदच होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की त्या परत येणार, पण विकत. ऑक्टोबरात सुरुवात झाली ती माणशी दिवसाला १५ डॉलरने, आणि सर्वांत गाजलेल्या राइड त्यातही नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. पाच जणांच्या कुटुंबाला दिवसाचे ७५ डॉलर, तेव्हाच्या दराने साडेपाच हजारांवर रुपये, तेही महागडं प्रवेशतिकीट काढून झाल्यावर. वर्षभरात भाव दिवसागणिक बदलता झाला. जुलै २०२४ मध्ये या विकतच्या सोयीचं नाव बदललं आणि आगाऊ आरक्षण परत आलं, कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ७ दिवस आधी, इतरांना ३. त्याच ऑक्टोबरात एकाच दिवसात जवळपास सगळ्या छोट्या रांगा खुल्या करणारा पास निघाला. त्याचा तेव्हाचा भाव पार्क आणि तारीख बघून १२९ ते ४४९ डॉलर होता.

विकतच्या रांगेच्या समर्थकांची बाजूही पोकळ नाही. फुकट पावती सगळेच घेत, त्यामुळे साधी रांग ठप्प व्हायची आणि फायदा नेहमी येणाऱ्या स्थानिकांना होत असे, आयुष्यात एकदा येणाऱ्याला नव्हे. शेजारच्या युनिव्हर्सलमध्ये रांग चुकवण्याचं वेगळं तिकीट आधीपासूनच होतं, सिंगापूरलाही आहे, आणि आपल्या बिडदीलाही मिळतं. मग एकालाच दोष का? तरीही फरक आहे. आधीची वीसेक वर्षं स्वतंत्र गाइडबुकाचा सगळा डोलारा एका आश्वासनावर उभा होता: लवकर उठा, वाचून या, आणि पैसेवाल्याच्या पुढे जा. रांग विकायला निघाल्यावर अभ्यास करून येणाऱ्याच्या हातचा फायदा पैसे भरणाऱ्याकडे गेला. भाव आणि नियम वर्षात दोनदा बदलू लागले तर छापील पान टिकणार कसं? २०२२ साल छापलेल्या आवृत्त्या ज्या हंगामात तयार होतात, नेमकी त्याच हंगामात पावत्या विकत देण्याची घोषणा झाली होती.

म्हणून भाच्याचं म्हणणं रांगेपुरतं खरं आहे. ॲप नसेल तर आज राइडची वेळही मिळत नाही, आणि वयस्कर मंडळींना तिकडचं सिम, चार्जर आणि सोबत एक तरुण हात लागतोच. टूरवाल्याचं खरं आहे ते गटाने सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी. पार्क एक, दिवस एक, बस दाराशी. मात्र त्याचं माहितीपत्रक हे अधिकृत पंथाचंच धाकटं भावंड, त्यात नको ते कधीच लिहिलेलं नसतं.

ऑरलँडोचं गणित वेगळं. डिस्नेची चार मोठी पार्कं आहेतच, त्यात मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स उघडलं. त्यामुळे त्याआधी छापलेलं पुस्तक कितीही जाडजूड असलं तरी त्यातला दिवसांचा हिशेब आता जुना झाला. नवी प्रत घेणार असाल तर स्वतंत्र पंथाचीच घ्यावी, आणि तीही न बदलणाऱ्या गोष्टींसाठी: कुठल्या राइडला उंचीची अट आहे, कुठे अंधार आणि दचके आहेत, गुडघेदुखी असलेल्या माणसाला कुठे किती चालावं लागतं, कुठल्या हॉटेलातून पार्कात पायी जाता येतं, शाकाहारी जेवण कुठे धड मिळतं. दोन पुस्तकांत निवड करायची झाली तर हातपाय दुखणाऱ्यांसाठीचं आणि जेवणाचं प्रकरण दोन्हींत वाचून बघावं. ज्यात तक्रार सापडेल ते घ्यावं. लहान मुलांना दाखवायला अधिकृत पुस्तकाचे फोटो चांगले, तेवढ्यासाठी ते जुनं असलं तरी चालतं. काकूंच्या प्रतीतली रांगांची आणि भावांची पानं वगळावीत, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा मात्र जरूर वाचाव्यात, कारण कुठल्या पाण्याच्या राइडवर साडी भिजते हे तिथेच लिहिलेलं असतं.