सकाळच्या डोकेदुखीचे मूळ रात्रीत शोधावे लागते

आठवडाभर पहाटे पावणेपाचला उठून डोंबिवलीहून जलद लोकल गाठणारा माणूस रविवारी नऊपर्यंत झोपतो आणि उठतो तो ठणकणारे डोके घेऊनच. मुंबई आणि तिच्या उपनगरांत हा अनुभव इतका सर्रास आढळतो की ‘पित्त झालं असेल’ असे म्हणून त्याची बोळवण केली जाते, कपाळाला बाम चोळला जातो किंवा एक गोळी घेतली जाते. दुखणे दुपारपर्यंत उतरतेही. मात्र तेच दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल, तर सकाळी काय लावावे यापेक्षा रात्री काय घडले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण औषधाविना मिळणारा खरा आराम बहुतेक वेळा त्याच्या उत्तरातच असतो.

मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना जाणवत नाही. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणे, त्यांतील रक्तवाहिन्या आणि कवटी, जबडा व मानेचे स्नायू. त्यांची जाणीव मेंदूपर्यंत नेण्याचे काम प्रामुख्याने त्रिशाखी चेतातंतू आणि मानेतील वरचे चेतातंतू करतात. रात्रभरात या रक्तवाहिन्या रुंदावल्या किंवा हे स्नायू आवळलेले राहिले, तर जाग येताना डोके दुखू लागते. मायग्रेन असणाऱ्यांचे झटकेही पहाटे ४ ते सकाळी ९ या वेळेत अधिक प्रमाणात सुरू होतात.

रविवारच्या त्या डोकेदुखीत चहाचा वाटा मोठा असू शकतो. झोपेची गुंगी आणणारे अ‍ॅडेनोसिन हे रसायन मेंदूतील ज्या ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटते, त्या ग्राहींची वाट कॅफिन अडवते आणि त्याबरोबरच मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकुंचित ठेवते. शरीराला याची सवय झाल्यावर कॅफिन वेळेवर मिळाले नाही, तर त्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके दुखते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र स्थान आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्याने ते थांबवले, तर २४ तासांच्या आत दुखणे सुरू होते आणि १०० मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावर तासाभरात थांबते. काहींना याहून कमी सवयीवरही त्रास होतो. पूर्ण कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते, कटिंगमध्ये त्याहून कमी. पण घरचा पहाटेचा चहा, कार्यालयातले दोन-तीन कटिंग, संध्याकाळी स्टेशनबाहेरचा आणखी एक आणि मध्येच एखादी कॉफी धरली की बेरीज सहज वर जाते. शेवटचा चहा संध्याकाळी सहाला आणि पुढचा पहाटे पाचला असा रोजचा अकरा तासांचा खंड असेल, तर रविवारी तो पंधरा तासांचा होतो. त्यात लांबलेल्या झोपेची भर पडते, आणि झोपेच्या वेळेतला असा बदल मायग्रेनला हमखास निमंत्रण देणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशीही रोजच्या वेळेच्या तासाभराच्या आत उठावे, झोप राहिली असेल तर दुपारी थोडी वामकुक्षी घ्यावी आणि चहा एकदम न सोडता दोन-तीन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या कपाने कमी करावा.

उपाशी राहण्याचेही असेच आहे. आठ तासांहून अधिक उपवासाने डोके दुखू शकते, आणि रात्री साडेसातला हलके खाऊन सकाळी दहाला कार्यालयात पोचल्यावरच नाश्ता करणाऱ्याचा रोजच चौदा-पंधरा तासांचा उपवास घडत असतो. दमट हवेत, विशेषतः ऑक्टोबरच्या उकाड्यात, घामावाटे गेलेले पाणी रात्री भरून निघाले नाही तर तेही एक कारण ठरते.

घोरण्याकडे मात्र मला वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय मानला जातो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होत असेल, तर रक्तातील प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतो. यातून येणारी डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंना दाबल्यासारखी असते, तिच्यात मळमळ नसते आणि उठल्यापासून चार तासांच्या आत ती ओसरते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील निरोगी समजल्या जाणाऱ्या शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेतील श्वसनात बिघाड आढळला, तर ७.५ टक्क्यांना दिवसा पेंग येण्यासारख्या लक्षणांसह निद्राश्वसनरोध (स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडणे) होता. कुशीवर झोपणे, रात्रीचे मद्यपान टाळणे आणि वजन उतरवणे हे येथे खरोखर परिणामकारक उपाय आहेत. वजन दहा टक्क्यांनी घटल्यास श्वास अडण्याच्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासात दिसले. विकार तीव्र असेल, तर मात्र झोपेत हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र वापरावे लागते.

झोपेत दात खाणाऱ्यांचे दुखणे वेगळे असते. त्यांची कानशिले आणि जबडा सकाळी अवघडलेला असतो, दातांच्या कडा झिजलेल्या दिसतात. त्यांनी दंतवैद्याला दाखवावे.

बाम आणि सुंठ यांची बाजूही मांडली पाहिजे. अमृतांजनचा जन्म १८९३ मध्ये याच मुंबईत झाला, आणि अशा बाममधील मेंथॉलचा गारवा हा निव्वळ भास नाही. त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंवर एक विशिष्ट ग्राही असतो आणि मेंथॉल त्याला उद्दीपित करते. मेंथॉलच्याच मदतीने तो ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन हे उष्णता, थंडी व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. जर्मनीतील १९९६ च्या एका चाचणीत, पेपरमिंट तेलाचे १० टक्के द्रावण कपाळाला व कानशिलांना लावल्याने ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत पॅरासिटामॉलइतकाच आराम पडला. सुंठीच्या चूर्णानेही मायग्रेनच्या एका चाचणीत सुमाट्रिप्टान या मायग्रेनवरील औषधाच्या बरोबरीने काम केले, परंतु त्यात औषध न दिलेला तुलनागट नव्हता आणि चूर्ण पोटात घेतले होते, कपाळावर लेप म्हणून नव्हे. तेव्हा हे उपाय आजची सकाळ सुसह्य करतात, उद्याची डोकेदुखी टाळत नाहीत.

गोळ्यांबाबत तर अधिक सावध राहायला हवे. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा कॅफिन मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. रात्रीतून औषधाचा प्रभाव उतरत असल्याने हे दुखणे अनेकदा सकाळीच जाणवते आणि माणूस पुन्हा तीच गोळी घेतो. त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गाठावा.

घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखत असेल, किंवा बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून आंघोळ केल्यावर दुखत असेल, तर हा कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम असू शकतो. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. अशा वेळी गीझर बंद करून सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालय गाठावे. अचानक उठलेली असह्य कळ, ताप व ताठरलेली मान, हातापायांतील अशक्तपणा, बोलण्यात किंवा दृष्टीत बदल, ही लक्षणे दिसली तरीही थांबू नये. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, किंवा उलट्यांसह दिवसेंदिवस वाढत जाणारी आणि आडवे पडल्यावर अधिक दुखणारी डोकेदुखीही लवकर तपासून घ्यावी.

बाकीच्यांनी महिनाभर उशाशी वही ठेवावी. झोपण्या-उठण्याची वेळ, शेवटचा चहा, रात्रीचे जेवण, घेतलेली गोळी, दुखणे कोणत्या बाजूला होते आणि किती वाजता थांबले, एवढेच त्यात लिहावे. घोरण्याविषयी घरच्यांना विचारावे आणि जमल्यास त्यांच्याकडून मोबाइलवर त्याचे ध्वनिमुद्रण करून घ्यावे. डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि ते मुद्रण सोबत न्यावे, म्हणजे झोपेची तपासणी हवी की केवळ चहाची वेळ बदलायला हवी, हे त्यांना पहिल्याच भेटीत बऱ्याच अंशी ठरवता येते.